वीज गेली, फ्रीज तापला आणि नोटीस आली

प्रश्न: मी मांसाहारी मेस चालवते. अन्न परवाना आहे. गेल्या महिन्यात रात्रभर वीज नव्हती. सकाळी अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला आले तेव्हा फ्रीजमध्ये 14 अंश होते. वरच्या फळीवर कच्चं चिकन उघडं, खाली कापलेली काकडी. तापमानाची वही नव्हती. नमुना घेतला नाही, पंचनामा केला. सहा दिवसांपूर्वी कलम 32 ची सुधारणा नोटीस आली, मुदत 15 दिवसांची. परवाना जाईल का? ओळखीचे म्हणतात, मागच्या तीन महिन्यांची वही आता लिहून काढा. लिहू का?

उत्तर: ताई, ती वही अजिबात लिहू नका. वही नव्हती हे पंचनाम्यात आलंय, तुमची सहीही आहे. खोटी कागदपत्रं सादर करणं हा अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 61 खाली वेगळा गुन्हा आहे, आणि त्याचा दंड लाखांत जातो. आज जी चूक निस्तरता येण्यासारखी आहे, ती त्या वहीमुळे फसवणूक ठरेल.

परवाना सहसा लगेच जात नाही. नोटिशीचं पालन झालं नाही तर आधी तो निलंबित होऊ शकतो, आणि त्यानंतरही सुधारणा नसेल तर कारणे दाखवण्याची संधी देऊन मगच रद्द. नोटीस चुकीची वाटत असेल तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येतं, पण त्याचीही मुदत 15 दिवसांचीच आहे, आणि नोटिशीतली मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. तुमच्या बाबतीत मी अपिलाच्या फंदात पडणार नाही. पंचनाम्यातल्या गोष्टी खऱ्या आहेत. उरलेले नऊ दिवस कामाला लावा.

वीज गेली हे कारण आहे, बचाव नाही. परवान्याच्या नियमांतल्या अनुसूची 4 प्रमाणे थंड ठेवायचं अन्न 5 अंश किंवा त्याखाली, गोठवलेलं उणे 18 अंश किंवा त्याखाली. वीज गेल्यावर तुम्ही काय केलंत, हे कलम 80 मधल्या ‘योग्य ती काळजी घेतली’ या बचावासाठी विचारलं जातं. म्हणून फ्रीजमध्ये तापमापक टांगा, दिवसातून दोनदा आकडा, वेळ आणि सही, आजच्या तारखेपासून. वीज गेली तर किती वाजता गेली, कधी आली, कोणता माल फेकला, तेही त्याच वहीत. कच्चं मांस झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या फळीवर. शक्य असेल तर वेगळा फ्रीजच घ्या. गोठवलेलं चिकन ओट्यावर नव्हे, फ्रीजमध्येच वितळवायचं.

चिकनवाल्याकडूनही पक्कं बिल आणि त्याच्या परवान्याची किंवा नोंदणीची प्रत घ्या. परवानाधारकाने परवाना किंवा नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडूनच माल घ्यावा ही तुमच्या परवान्याची अट आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच नसते.

नमुनाच घेतलेला नाही, त्यामुळे ‘असुरक्षित अन्न’ म्हणून कलम 59 लावणं अवघड आहे. अस्वच्छतेबद्दल कलम 56 खाली दंड ठरवणाऱ्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांपुढे प्रकरण मात्र जाऊ शकतं; दंडाची मर्यादा 1 लाख. दंड ठरवताना चूक वारंवार झाली का, हे पाहिलं जातं. त्यासाठीही हीच वही कामी येईल.

मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्तता अहवाल द्या: नोटिशीतल्या प्रत्येक मुद्द्यासमोर काय केलं ते, फोटो, बिलं, वहीच्या पानांच्या प्रती. नोटीस काढणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. फेरतपासणीची लेखी विनंती त्याच अर्जात करा.