ताप आला, पेपर बुडाला: आता पुढे?

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सत्रपरीक्षांचा हंगाम, आणि ठाण्यात, नवी मुंबईत डेंग्यू-मलेरियाचाही तोच. या वेळची बहुतेक पत्रं त्याच विषयावर आहेत. उत्तरं मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांपुरती समजा. स्वायत्त कॉलेजं आणि अभिमत विद्यापीठं यांचे नियम आपापले असतात. परीक्षा विभागात आयुष्य गेल्यामुळे विद्यार्थ्यांना मी अरे-तुरेच करतो, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: मी एसवायबीकॉमला आहे, कळव्याला राहतो. सेम ३ च्या परीक्षेत डेंग्यूने ॲडमिट होतो, दोन पेपर बुडाले. इंटर्नलवरून सरासरी मार्क देतात का? घरचे म्हणतात वर्ष गेलं.

सरासरी कुणी देत नाही. आजारपणामुळे तुला मिळते ती पुन्हा बसण्याची संधी, मार्क नाहीत. त्या दोन विषयांपुढे गैरहजर असा शेरा येईल. पण जे पेपर देऊन पास झालास ते पुन्हा द्यावे लागत नाहीत, आणि या दोन विषयांच्या इंटर्नलमध्ये पास असशील तर ते मार्क कायम राहतात. फक्त दोन विषय राहिले म्हणून वर्ष जात नाही, हे घरी सांग.

तुझं एक बरं आहे. सेम १ ते ४ च्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेतं, त्यामुळे फेरपरीक्षेची चौकशी कॉलेजातच करायची, विद्यापीठात कलिन्याला खेटे घालायचे नाहीत. मात्र गैरहजेरीचं कारण प्राचार्यांना पटावं लागतं, आणि पोरं इथेच मार खातात. खरा आजारी मुलगा बरा होऊन तीन आठवड्यांनी येतो, हातात कुठल्याशा दवाखान्याची चिठ्ठी: ‘विश्रांतीचा सल्ला’. कुठल्या तारखेपासून, कशासाठी, काहीच नाही. अशी चिठ्ठी माझ्या टेबलावर आली की मलाही प्रश्न पडायचा, हा खरंच झोपून होता की अभ्यास झाला नव्हता?

प्रमाणपत्रावर आजाराचं नाव, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत परीक्षेला बसण्यास असमर्थ असा उल्लेख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचा रिपोर्ट जोड. डेंग्यूत एनएस-वन चाचणीचा रिपोर्ट प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतो, कारण ती चाचणी तापाच्या पहिल्या काही दिवसांतच पॉझिटिव्ह येते आणि त्यावर तारीख असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा आवक शिक्का मारून घे. आणि पुढच्या खेपेला घरातल्या कुणाला तरी त्याच दिवशी कॉलेजला ईमेल करायला सांग.

जाता जाता, ताप उतरला म्हणून सलाईन काढून परीक्षेला धावणारे मी पाहिलेत. डेंग्यूत प्लेटलेट बहुधा ताप उतरतानाच घसरतात. डॉक्टर सोडत नसतील तर पेपर गेला तरी चालेल.

प्रश्न: मुलगी टीवायबीएस्सीला, सेम ६. अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे एक पेपर राहिला. तिच्या एकटीसाठी विद्यापीठ वेगळा पेपर घेईल का? (एक आई, नेरुळ)

नाही हो ताई. सेम ५ आणि ६ ची परीक्षा विद्यापीठाची असते, तिथे एका मुलीसाठी पेपर काढत नाहीत. तिला पुढच्या सत्रात केटीचा, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देण्याचा, फॉर्म भरून तो एकच पेपर द्यावा लागेल. एमएस्सीचा प्रवेश लांबेल, हे खरं नुकसान आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तरी ऑपरेशनचे कागद कॉलेजमार्फत परीक्षा विभागाला देऊन ठेवा; पुढे नोकरीच्या मुलाखतीत कुणी ‘केटी का?’ विचारलं, तर दाखवायला कामाला येतील. केटीच्या फॉर्मची शेवटची तारीख मात्र स्वतः पाहत राहा, कॉलेज फोन करून कळवेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न: ऐरोलीला बाइकवरून पडलो, उजवा हात प्लास्टरमध्ये. परीक्षा आठ दिवसांवर आहे.

पेपर बुडवू नकोस, लेखनिक माग. एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञाचं प्रमाणपत्र जोडून आजच प्राचार्यांकडे अर्ज दे. लेखनिक तुझ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला शोध. वर्गमित्र चालणार नाही. जादा वेळेबद्दल गैरसमज फार आहेत. तासाला किमान २० मिनिटे ही सवलत केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमधली, दिव्यांग उमेदवारांसाठीची आहे. फ्रॅक्चरला ती आपोआप लागते असं धरून चालू नकोस, किती वेळ मिळणार ते परवानगीपत्रावरच लिहून घे. आणि त्या मुलाला दोन दिवस तरी सांगून लिहायचा सराव दे. आपलं उत्तर दुसऱ्याला सांगणं वाटतं तितकं सोपं नाही.

प्रश्न: कांजिण्या आल्यात, पण मला बरं वाटतंय. गुपचूप जाऊन पेपर देऊ का?

गुपचूप नको. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत संसर्ग होतो, आणि शेजारच्या बाकाजवळ कुणी गरोदर सुपरवायझर उभ्या असतील तर? कॉलेजला फोन कर, वेगळ्या खोलीत बसवता येईल का विचार. नाही म्हणाले तर वरचं पहिलं उत्तर तुलाही लागू.

प्रश्न: पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासात उलट्या झाल्या, उत्तरपत्रिका देऊन निघालो. मी गैरहजर धरला जाईन ना?

नाही. हजेरीपत्रकावर सही झाली, उत्तरपत्रिका जमा झाली, म्हणजे तू हजर. जेवढं लिहिलंस तेवढंच तपासलं जाईल. निघताना ब्लॉकमधल्या, म्हणजे परीक्षेच्या खोलीतल्या, सुपरवायझरना सांगून तशी नोंद करून घेतली होतीस का? नसेल तर त्याच दिवशीची डॉक्टरांची केसपेपर घेऊन उद्याच कॉलेज गाठ.

प्रश्न: आमचे फॅमिली डॉक्टर मागच्या तारखेचं सर्टिफिकेट देतील. चालेल ना?

पकडलं गेलं तर तुझ्यावर चौकशी बसेल आणि डॉक्टरांवर महाराष्ट्र वैद्यक परिषदेची कारवाई होऊ शकते. ते सही करतीलही, तू मागू नकोस. अभ्यास झाला नसेल तर सरळ केटी दे.