बँडसॉला तेल कुठे द्यायचं, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा: 14 इंची चाकांचा, लाकूड कापायचा बँडसॉ (दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडची करवत). दर महिन्याला सगळ्या फिरत्या भागांवर मशीन ऑइल सोडता, तरी टेबल तिरपं करताना अडकतं, ब्लेड थरथरतं आणि धडधड ऐकू येते.

यातला बराचसा त्रास त्या तेलाचाच असावा. लाकडाचा बारीक भुसा तेल पितो आणि त्याचा चिकट लगदा होऊन फटीफटीत बसतो. या मशीनला तेलापेक्षा ब्रशची गरज जास्त असते. सुरुवात करण्याआधी प्लग काढा आणि ब्लेडचा ताण सोडा.

चाकांच्या रबरी टायरवर तेलाचा थेंबही नको. रबर फुगतं, मऊ पडतं आणि ब्लेड घसरतं; शिवाय तेच तेल ब्लेडवरून लाकडाला लागलं की त्या जागी पॉलिश धरत नाही. टायरवर भुशाचे टणक थर बसतात, ते लाकडी पट्टीने खरवडून काढा. चाक उंच-सखल होऊन ब्लेड थरथरतं ते बहुतेक वेळा या थरांमुळेच. खालच्या चाकावर भुसा जास्त पडतो, म्हणून तिथला ब्रश झिजला असेल तर बदला.

धडधड कुठून येते हे ओळखायला ब्लेडला पुन्हा ताण द्या, त्यावर खडूची खूण करा आणि चाक हाताने फिरवा. 14 इंची मशीनमध्ये ब्लेडचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत चाक साधारण दोनदा फिरतं. ठोका चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पडत असेल तर दोष टायरचा. खूण पुन्हा समोर येते तेव्हाच पडत असेल तर ब्लेडचा जोड तपासा. तिथे चीर दिसली तर ते ब्लेड वापरू नका.

चाकांची आणि गाइडची (ब्लेडला बाजूंनी आणि मागून आधार देणाऱ्या भागांची) बेअरिंग बहुतेक मशीनमध्ये सीलबंद असतात. त्यांत तेल घालायचं नसतं. पातळ स्प्रे मारला तर सीलच्या आत शिरून आतलं ग्रीस पातळ करतो. बोटाने फिरवून पाहा, खरखर लागली तर बदला. गाइडची बेअरिंग लवकर जातात, ते स्वाभाविक आहे.

गाइड पुन्हा लावताना ब्लेडला आधी कामाचा ताण द्या आणि ते चाकावर नीट चालतंय ना, ते पाहा. बाजूचे गाइड दोन्हीकडे कागदाच्या जाडीइतके दूर, आणि त्यांची पुढची कड दातांमधल्या खाचांच्या किंचित मागे. दात गाइडला घासले की त्यांचा फाक, म्हणजे आलटून-पालटून दोन्ही बाजूंना असलेला झुकाव, जातो. मागचं बेअरिंग साधारण 0.4 मि.मी. लांब ठेवा. कापताना ते फिरायला हवं, ब्लेड रिकामं चालताना नको. सतत टेकत असेल तर ब्लेडची पाठ तापून कडक होते आणि तडकते.

ग्रीस लागतं मुख्यतः ताण देणाऱ्या स्क्रूला. त्याच्या आट्यांवर भार मोठा असतो, कोरडे चालले तर आटे उडतात. जुनं ग्रीस चिंधीने पुसून वाटाण्याएवढं नवीन लावा, जास्त नको. आटे झाकलेले नसतील तर उरलेलं पुसून टाका.

टेबलाखालच्या अर्धगोल खाचा हेच तुमच्या अडकण्याचं मूळ. टेबल पक्कं करणारे नट सैल करा, खाचांतला लगदा रॉकेल आणि तारेच्या ब्रशने काढा, पूर्ण वाळू द्या, मग मेण किंवा ग्रॅफाइटची कोरडी पूड चोळा. वरचा गाइड वर-खाली करणाऱ्या दांडीला आणि तिच्या दात्यांनाही तेच. टेबलाच्या पृष्ठभागावर सिलिकॉन नसलेलं मेण लावून घासून घ्या. सिलिकॉन असेल तर लाकडावर पॉलिशचे डाग उठतात.

बेल्ट आणि पुलीला काहीच लावायचं नसतं. ब्लेडवर राळ साचली असेल तर ब्लेड उतरवून रॉकेलात भिजवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि चढवण्याआधी पूर्ण कोरडं पुसा, नाहीतर रॉकेल टायरला लागेल.

मशीन काही दिवस बंद राहणार असेल तर ताण सैल करून ठेवा, म्हणजे स्प्रिंग दबून राहत नाही आणि टायरला खळगा पडत नाही. मात्र दरवाजावर ‘ताण सैल’ अशी चिठ्ठी लावा. ताण न देता मशीन सुरू केलं तर ब्लेड चाकावरून उतरतं.