एन्झाइमचं टॉनिक, अल्झायमर आणि रात्रीची 5 मिलिग्रॅमची गोळी

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात सासूबाईंना (वय 72) अल्झायमरचं निदान झालंय, रात्री डोनेपेझिल 5 सुरू आहे. मेंदूतल्या एन्झाइम्समुळे हा आजार होतो असं वाचलंत, तर एन्झाइमचं टॉनिक द्यावं का?

नाही. त्यावर पैसे घालवू नका. मेडिकलमध्ये मिळतं ते सिरप अन्न पचवण्यासाठी असतं. एन्झाइम म्हणजे प्रथिन. पोटातच त्याचं काम आणि तिथेच त्याचा शेवट. मेंदूपर्यंत ते पोचतच नाही.

वाचलंत ते मात्र खोटं नाही. मेंदूच्या पेशींच्या आवरणात एपीपी नावाचं लांब प्रथिन असतं. मागावरून चादरी सलग उतरतात आणि मग कापतात, तसंच याचंही. सगळं कापण्याच्या जागेवर ठरतं. अल्फा-सेक्रेटेज या एन्झाइमने कापलं तर काप अमिलॉइडच्या (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या) तुकड्याच्या मधोमध पडतो, मग तो तुकडा तयारच होत नाही. आधी बीटा आणि मग गॅमा-सेक्रेटेजने कापलं तर बीटा-अमिलॉइड सुटतं. त्यातला 42 अमिनो आम्लांचा तुकडा फार चिकट, त्याचेच थर साठतात. हा कचरा उचलणारी एन्झाइम्सही आहेत, उदाहरणार्थ नेप्रिलायसिन. आणखी एक एन्झाइम इन्सुलिन आणि अमिलॉइड दोन्ही तोडतं, म्हणून अल्झायमरच्या मधुमेहाशी असलेल्या नात्यातला तो एक दुवा मानतात.

मग बीटा-गॅमा बंदच का करत नाहीत? करून पाहिलं. गॅमा अडवणाऱ्या सेमागासेस्टॅट या औषधाच्या चाचण्या 2010 मध्ये थांबवाव्या लागल्या. रुग्णांची स्थिती आणखी ढासळली आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढला. बीटा अडवणारं व्हेरुबेसेस्टॅटही 2017-18 मध्ये थांबलं. ही एन्झाइम्स शरीरात इतरही गरजेची कामं करतात, ती कामंही अडली.

सासूबाईंची गोळी वेगळ्या एन्झाइमवर चालते. आठवणीसाठी लागणारं ॲसिटिलकोलीन त्यांच्या मेंदूत कमी बनतंय, आणि जे बनतं ते ॲसिटिलकोलीनएस्टरेज क्षणात तोडून टाकतं. डोनेपेझिल हे तोडणं मंदावतं. पेशी मरणं थांबत नाही, म्हणून आजार मुळापासून जात नाही. पण बोलण्यात, रोजच्या कामात काही काळ फरक पडतो. गुण दिसत नाही म्हणून मनाने गोळी बंद करू नका, अचानक घसरण दिसू शकते.

ॲसिटिलकोलीन पोटात आणि हृदयातही काम करतं, त्यामुळे त्रासही तिथेच होतो: मळमळ, जुलाब, वजन उतरणं, नाडी मंद होणं. मळमळ होत असेल तर जेवणानंतर द्या. भयानक स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी न्या. 10 मिलिग्रॅमला जायचं ते 4 ते 6 आठवड्यांनी, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. महिन्याला वजन लिहून ठेवा. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. 50 च्या खाली असेल किंवा चक्कर येत असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल चालू असेल (तीही नाडी मंद करतात) तर हे आधीच सांगा आणि ईसीजी काढायचा का ते विचारा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्यात जुलाब लागले आणि त्यांना तहान सांगता आली नाही तर पाणी झपाट्याने कमी होतं. समोर बसून घोट घोट पाजा.

सगळ्यात जास्त घरं इथे फसतात: गोळीनेच कधी लघवी वारंवार होते, मग त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन सुरू होतं. सर्दीला, खाजेला क्लोरफेनिरामिनची गोळी आणली जाते. ही औषधं ॲसिटिलकोलीनचंच काम अडवतात, म्हणजे एक गोळी पुढे ढकलते आणि दुसरी मागे ओढते. गोंधळ वाढतो आणि सगळ्यांना वाटतं आजार वाढला. कुणीही नवीन औषध लिहिलं की डोनेपेझिलची पट्टी समोर ठेवूनच दाखवा.

पोटाला गोळी अजिबात सोसली नाही तर डॉक्टर रिव्हास्टिग्मिन या त्याच प्रकारच्या औषधाचा पॅच (त्वचेवर चिकटवायचा) देतात. तो 24 तासांनी बदलायचा. अंघोळीनंतर अंग कोरडं पुसून, तेल-पावडर न लावता, पाठीवर वरच्या बाजूला त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी लावा आणि अर्धा मिनिट तळव्याने दाबून धरा. तीच जागा 14 दिवस वापरू नका. घामाने कडा सुटतात, म्हणून संध्याकाळी एकदा हात फिरवून पाहा. आणि जुना पॅच काढल्याशिवाय नवा कधीच लावू नका. दोन पॅच अंगावर राहिले तर उलट्या आणि मंद नाडी होऊन दवाखान्यात न्यावं लागतं.