ऑफिसच्या कॅम्पात लस घेऊ का, असं विचारलंस म्हणून

अरे बाबा,

शनिवारी महापेच्या ऑफिसात फ्लूच्या लसीचा कॅम्प आहे, घेऊ का नको, असा मेसेज तू रात्री दीडला टाकलास आणि सकाळी डिलीटही केलास, पण मी तोवर वाचला होता. घे. बिनधास्त घे. दंडावर टोचतात ती फ्लूची लस मेलेल्या व्हायरसपासून बनवतात, त्यात जिवंत काही नसतं, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होणं शक्यच नाही, आपल्याला एचआयव्ही असला आणि तुझा सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींचा आकडा, कितीही असो. फक्त एक बघ, नाकात फवारायची पण एक फ्लूची लस येते, ती जिवंत व्हायरसची असते, ती आपल्यासाठी नाही. सिरिंज दिसली तर हात पुढे कर, स्प्रे दिसला तर "सर्दी आहे, नंतर बघतो" म्हण आणि निघ. आणि मेमध्ये कॅम्प ठेवलाय ते बरंच केलं त्यांनी, आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो, त्याच्या आधी दोनेक आठवडे मिळायला हवेत शरीराला. दर वर्षी घ्यावी लागते ही, कारण व्हायरस रूप बदलतो आणि लसीचा जोरही काही महिन्यांत ओसरतो.

आता तुझी खरी भीती लसीची नाहीच, त्या फॉर्मची आहे, हे मला कळतं. "काही आजार आहे का" असा कॉलम असतो. बघ, २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यानुसार कोर्टाच्या आदेशाशिवाय कोणी तुला तुझं स्टेटस सांगायला भाग पाडू शकत नाही, ऑफिस तर नाहीच. आणि या टोचायच्या लसीला एचआयव्ही आड येत नाही, म्हणून न सांगितल्याने तुझं काही बिघडत नाही. अ‍ॅलर्जी असेल, आधी एखाद्या लसीने जोरदार रिअ‍ॅक्शन आली असेल, त्या दिवशी ताप असेल, ते मात्र खरं सांग. कॅम्पवाले सोबत अजून काही देत असतील, कांजिण्यांची वगैरे, तर ती तिथे घेऊ नकोस. का ते सांगते.

तुझा पहिला सीडी फोर १६० आला होता ना, आणि एचआयव्हीची गोळी सुरू होऊन तीनच महिने झालेत. २०० च्या खाली असताना जिवंत लसी घ्यायच्या नसतात, म्हणजे एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेलाची), कांजिण्या, यलो फीव्हर, टायफॉइडची तोंडाने घ्यायची कॅप्सूल. टायफॉइडची टोचायची लस चालते, ती जिवंत नसते. टीबीची बीसीजी तर आपल्या लोकांना सहसा देतच नाहीत. बाकीच्या जिवंत लसींचं दार कायमचं बंद नाही रे, सीडी फोर २०० च्या वर जाऊन सहाएक महिने टिकला की डॉक्टर एमएमआरचा विचार करतात. २०२२ च्या शेवटी गोवंडी-भिवंडीत गोवर पसरला तेव्हा कितीतरी मोठी माणसं माझ्याकडे आली, आम्ही लहानपणी घेतली होती का काय माहीत म्हणत. तू आईला सहज विचारून ठेव, लहानपणीचं कार्ड कुठे ट्रंकेत असलं तर फोटो काढून घे. कारण सांगायची गरज नाही, ऑफिसात मागितलंय म्हण.

मला तुला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, गेलास की गोळ्या मोजतात, वजन घेतात, खोकला-ताप-घाम-वजन कमी हे चार प्रश्न टीबीसाठी विचारतात, व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते मोजायची, तारीख देतात. लसीचं सहसा कोणी विचारत नाही. वाईट माणसं नाहीत ती, पण मोठ्या माणसाची लस हे आपल्याकडे कोणाचंच काम नाही, लहान मुलाला कार्ड असतं, आशाताई दारात येते, आपल्याला कोण येणार. म्हणून तू विचारायचं. काउन्सलर कंटाळली तरी विचारायचं.

आणि सगळ्यात आधी कावीळ बी चं विचारायचं. हिपॅटायटिस बी. तो पण रक्तातून, सेक्समधून, आईकडून बाळाला असाच जातो, त्यामुळे आपल्यात तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, आणि दोन्ही एकत्र असले तर लिव्हरची वाट लवकर लागते. आधी एचबीएसएजी टेस्ट, अंगात हा व्हायरस आहे का ते सांगणारी, झाली असेल तर रिपोर्ट मागून घे. पॉझिटिव्ह आली तर लसीचा उपयोग नाही, पण घाबरायचं नाही, कारण तुझ्या एचआयव्हीच्या टीएलडी गोळीतली तीनपैकी दोन औषधं, टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन, त्याच्यावरही काम करतात. पण मग ती गोळी मनाने एक दिवससुद्धा सोडायची नाही, अचानक बंद केली की लिव्हर भडकतं.

निगेटिव्ह आली आणि अंगात आधीचं संरक्षण नसेल तर लस, आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. इथे लोक एक गंमत करतात, सीडी फोर वाढू दे मग घेऊ म्हणत वर्ष घालवतात. ही मेलेलीपण नाही, नुसतं प्रोटीन आहे, तिच्यासाठी थांबायचं कारण नाही. पण कमी सीडी फोरमध्ये ती नीट धरत नाही हेही खरं, म्हणून काही डॉक्टर दुप्पट डोस देतात, आणि म्हणूनच शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस नावाची टेस्ट करायची, संरक्षण तयार झालं का ते बघायला. १० किंवा वर आलं तर धरली. खाली आलं तर कोर्स पुन्हा, तेव्हा सीडी फोर चढलेला असला तर उत्तम. ही टेस्ट कोणीच करत नाही, तीन इंजेक्शनं झाली की लोकांना वाटतं झालं, आणि मी गेली कित्येक वर्षं याच एका गोष्टीवरून सगळ्यांचं डोकं खातेय. तुझंही खाणार.

न्यूमोनियाची लस पण घे, पैसे जमले की. पूर्वी एक घेऊन आठ आठवड्यांनी दुसरी असं असायचं, हल्ली एकाच डोसात भागवणारी नवी पण आलीय, डॉक्टर सांगतील. एचपीव्हीची लस, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या व्हायरसवरची, फक्त मुलींची नाही, सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक मुलग्यांनाही २६ वर्षांपर्यंत चालते, तू बसतोस त्यात. आपल्याला तीन डोस, दोन नाही. ग्रुपमधल्या मुलींना तर मी हात जोडून सांगते, एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सहापट असतो, आणि लस घेतली तरी तपासणी सुटत नाही.

अजून एक, तू नाइट शिफ्टहून घणसोली स्टेशनवरून चालत येतोस, तिथली कुत्री मला माहितीयत. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धू आणि लगेच हॉस्पिटल, आणि तिथे डॉक्टरला मात्र स्टेटस सांग. सीडी फोर कमी असताना रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लसीबरोबर जखमेत रेबीजचं सिरम, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, देतात, इतरांना तिथे नुसती लस पुरते. न सांगता हे कसं कळणार त्यांना? ऑफिसच्या फॉर्मवर गप्प बसायचं आणि इथे बोलायचं, फरक लक्षात ठेव.

व्हायरल लोड वाढतो लसीने, असं कोणीतरी तुला सांगितलंय. काही जणांत थोडा वर जातो, थोड्या आठवड्यांत परत खाली येतो, गोळी चालू असेल तर काही होत नाही. पण उगाच टेन्शन नको म्हणून पुढच्या महिन्यातलं रक्त देऊन झाल्यावर इतर लसी चालू कर. फ्लूची मात्र शनिवारीच, ती थांबवू नकोस. दंड दुखेल, कदाचित रात्री कणकण येईल, पॅरासिटामॉल घे आणि झोप. घरी आईला आणि भावालाही फ्लूची घ्यायला लाव, घरात आजार आला नाही तर तुझ्यापर्यंत येणार कुठून, आणि त्यासाठी त्यांना तुझं काही सांगावं लागत नाही.

सेंटरला गेलास की एचबीएसएजी झालंय का ते विचार, रात्री-बेरात्री काही वाटलं आणि मी फोन उचलला नाही तर १०९७, एड्सची सरकारी हेल्पलाइन, फुकट लागतो. रिपोर्ट मिळाला की मला फोटो पाठव, नाव झाकून.

तुझी,
कळव्याची मावशी