ओल्या ट्रॅकवर लाईन कुठली धरायची? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

या वेळी पावसाचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून इंजिन ऑइलवाल्यांनी जरा थांबा, तुमचं पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : दादा, माझी पोलो जीटी टीएसआय आहे. ग्रुपसोबत चेन्नईला इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेलो होतो. सकाळी इन्स्ट्रक्टरने बाहेर-आत-बाहेर अशी लाईन (वळणात गाडी न्यायची वाट) शिकवली, मस्त जमत होती. दुपारी पाऊस आला आणि तीच लाईन धरली तर गाडी वळायलाच तयार नाही, सरळ जायला बघते. त्यात एक जण साध्या स्विफ्टमधून माझ्या बाहेरच्या बाजूने आरामात निघून गेला! टायर माझे नवीन होते. नक्की चुकतंय काय?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : त्या स्विफ्टवाल्याला सगळं माहीत होतं, एवढंच. कोरड्यात शिकवतात ती लाईन भूमितीची आहे, वळणाची त्रिज्या जितकी मोठी तितका वेग जास्त, म्हणून बाहेरून येऊन आत एपेक्सला, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या टोकाला, टेकायचं आणि परत बाहेर जायचं. पण वर्षानुवर्षं हजारो गाड्या त्याच पट्ट्यावरून जातात, टायरचं रबर तिथे घासून बसतं, डांबरातल्या खडीचं टोक गुळगुळीत होतं. कोरड्यात हेच रबर टायरला धरून ठेवतं, पाणी पडलं की तोच पट्टा सगळ्यात निसरडा. खडीचा बारीक खरखरीतपणा पाण्याचा पातळ थर फोडून टायरला डांबरापर्यंत पोचू देतो, तोच तिथे उरलेला नसतो. म्हणजे तू सगळ्यात निसरड्या जागी ब्रेक मारत होतास आणि तिथेच वळत होतास, नवीन टायर बिचारे काय करणार.

मग ओल्यात काय करायचं, तर रबराचा पट्टा सोडून बाजूचं खरखरीत डांबर शोधायचं. ब्रेकिंगला नेहमीच्या लाईनच्या गाडीभर आत किंवा बाहेर यायचं, वळणात एपेक्सला चिकटायचं नाही, एक-दीड गाडीची रुंदी सोडून बाहेरून गोल फिरायचं. रस्ता लांब पडतो पण ग्रिप, म्हणजे टायरची पकड, मिळते. हेअरपिनसारख्या (यू आकाराच्या) हळू वळणाला दुसरा प्रकार जास्त चालतो: सरळ रेषेत ब्रेकिंग पूर्ण संपवायचं, आत उशिरा शिरायचं, सगळ्यात कमी वेगात गाडी एकदाच वळवून घ्यायची आणि बाहेर पडताना स्टिअरिंग लवकर सरळ करायचं. रबराचा पट्टा ओलांडावा तर लागतोच, पण तो आडवा ओलांडायचा, त्याच्यावर वळत राहायचं नाही. आणि ब्रेक धरूनच वळणात शिरायची कोरड्यातली सवय पहिले काही लॅप (फेऱ्या) विसर.

बाहेरची लाईन म्हणजे मंत्र नाही हां. काही वळणांना उतार असा असतो की पाणी बरोबर बाहेरच्या कडेला साचतं, तिथे बाहेर गेलास तर सरळ डबक्यात. म्हणून पहिले दोन-तीन लॅप हळू घालायचे आणि बघत राहायचं. काळपट चकाकणारं दिसलं की रबर, मळकट राखाडी दिसलं की बरं, आरशासारखं दिसलं की पाणी साचलंय. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं की पुढच्या टायरची ग्रिप गेली समज, आणि चाकाच्या वर मडगार्डला पाणी आपटण्याचा आवाज वाढला की डबकं आलं. ट्रॅकच्या कडेचे लाल-पांढरे कर्ब आणि रंगवलेल्या रेषा विसरूनच जा, त्यांच्यावर चाक गेलं की बर्फ.

अजून एक, ग्रिप ३० टक्क्यांनी पडली असं धर. वळणातला वेग तेवढा पडत नाही, तो वर्गमुळात चालतो, १०० चा साधारण ८४ होतो. पण तेवढ्याच वेगावरून थांबायला जवळजवळ दीडपट अंतर लागतं. म्हणून ओल्यात लोक वळणात कमी आणि ब्रेकिंगला जास्त ट्रॅकबाहेर उडतात. सकाळचा ब्रेकिंग पॉइंट डोक्यातून काढून टाक.

हे सगळं खरं बघायचं असेल तर २०१६ ची ब्राझीलची फॉर्म्युला वन शर्यत बघ, इंटरलागोसची. मॅक्स व्हर्स्टापेन टायर बदलून बराच मागे गेला आणि शेवटच्या पंधराएक लॅपमध्ये तिसऱ्या नंबरला आला. बाकीचे नेहमीच्या लाईनवर घसरतायत आणि हा त्यांच्या बाहेरून फिरतोय. त्याच शर्यतीत सरळ पट्ट्यावर त्याची गाडी आडवी झाली होती आणि त्याने ती सावरली, तो भागही बघ म्हणजे जोश जरा खाली येईल. आणि ट्रॅक डेला (आपापली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) तू एकटा नसतोस. लाईन सोडून चालवताना मागच्याला तुझा अंदाज येत नाही, आरसा बघितल्याशिवाय बाजू बदलायची नाही.

प्रश्न : ट्रॅक डेला हवा कमी करून जायची असं सगळे सांगतात. पावसात अजून कमी करायची का? सेमी-स्लिक (कमी खाचांचे ट्रॅकचे टायर) टाकू का?
— सांगली

उत्तर : उलट! कोरड्यात टायर तापतो, आतली हवा फुगते, म्हणून आधीच थोडी कमी ठेवतात. ओल्यात टायर तापतच नाही, मग कमी भरलेली हवा कमीच राहते, टायर मऊ पडतो आणि पाण्यावर लवकर तरंगतो. दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीने दिलेला आकडा ठेवा, तिथून एक-दोन पीएसआय इकडेतिकडे करून बघा. कायद्याने खाच १.६ मिमी चालते पण त्या टायरवर ओल्या ट्रॅकवर जाऊ नका, नव्यात ७-८ मिमी असते ती पाणी बाहेर फेकायलाच. सेमी-स्लिकला खाचाच कमी, नुसत्या दमट ट्रॅकवर चालून जाईल, साचलेल्या पाण्यात नको. एफवनच्या फुल वेट, म्हणजे भर पावसाच्या, टायरबद्दल ते बनवणारी पिरेली सांगते की ताशी ३०० किमीला एक टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला टाकतो, यावरून खाचांचं काम कळेल.

प्रश्न : ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) बंद केल्याशिवाय मजा नाही असं मित्र म्हणतो. पावसात बंद करू?
— नाशिक

उत्तर : नको. मित्राला त्याच्या गाडीत करू दे. ईएसपीचा दिवा कुठल्या वळणात लुकलुकतो ते लक्षात ठेवा, तिथे तुम्ही थ्रॉटल घाईत देताय किंवा स्टिअरिंग जास्त वळवताय. दिवा कमी लुकलुकायला लागला की तुम्ही सुधारताय, याहून स्वस्त इन्स्ट्रक्टर नाही. आणि पुढच्या चाकांची गाडी वळणात सरळ जायला लागली की स्टिअरिंग अजून पिळू नका, थोडं सैल करा, ॲक्सिलरेटर हळूच कमी करा. झटकन सोडलात तर मागची बाजू फिरते.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा, कार्टिंग करतो. पावसात कार्ट वळतच नाही म्हणतो. घाबरतो का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : नाही ताई, तो बरोबर सांगतोय. कार्टला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर बांधलेली, त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक उचललं गेलं तरच कार्ट वळते. ओल्यात ग्रिप कमी म्हणून ते चाक उचललंच जात नाही आणि कार्ट सरळ जाते. त्याला सांगा, बाहेरून उशिरा वळायचं आणि स्टिअरिंग पटकन, कोरड्यापेक्षा जास्त वळवायचं. कारमध्ये मी हे कधीच सांगणार नाही, कार्टचा न्याय वेगळा. स्वतःची कार्ट असेल तर पुढची चाकं थोडी बाहेर काढून मागची आत घेतात, ते मेकॅनिककडून करून घ्या.

प्रश्न : मी बर्मिंगहॅमला असतो, डोनिंग्टनच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे बुक केलाय. इथे पाऊस येतो जातो. ट्रॅक वाळायला लागला की कधी नेहमीच्या लाईनवर यायचं?
— एक पुणेकर, इंग्लंड

उत्तर : अरे वा, १९९३ मध्ये फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेनाने भर पावसात पहिल्याच लॅपमध्ये पाचव्यावरून पहिल्यावर उडी मारली ती हीच जागा! गाड्या जातात तो पट्टा सगळ्यात आधी वाळतो, म्हणजे निसरडी होती तीच लाईन आता सगळ्यात चांगली, आणि तिच्या बाहेर चाक गेलं की ओलं. आधी ब्रेकिंगच्या सरळ भागात लाईनवर ये, तिथे गाडी हलली नाही तर वळणात ये. क्रेनर कर्व्ह्ज या तिथल्या वळणांना मात्र सगळ्यात शेवटी, ते उतारावर आहेत आणि तिथे वेगही जास्त असतो, वाळलेल्या पट्ट्यावरून एक चाक खाली उतरलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

प्रश्न : ट्रॅकवर ठोकली तर इन्शुरन्स मिळतो का?
— ठाणे

उत्तर : नेहमीच्या मोटर पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. आयोजकांच्या फॉर्मवर सही करायच्या आधी पॉलिसी काढून वाचा, आणि तिथल्या रेलिंगचं नुकसान कोण भरणार ते त्या फॉर्ममध्ये शोधा.