तुकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाडा, हिशोब वेचणीगणिक मिटवा

प्रश्न (चोपडा तालुक्यातून) : आम्ही चौघं एकाच मालकाची सोळा एकर जमीन निम्मे बटाईने (अर्ध्या वाट्याने) करतो. कोणाला कोणता तुकडा, हे दरवर्षी जूनपर्यंत ठरत नाही. जानेवारीत विकलेल्या कापसाचा हिशोब अजून बाकी आहे. काय करावं?

उत्तर : भाऊ, मागची बाकी मिटत नाही म्हणून नवे तुकडे पडत नाहीत. तुमच्या दोन्ही अडचणींची गाठ इथेच आहे.

गुलाबी बोंडअळीमुळे कपाशी जूनच्या आधी लावू नका, असं आम्ही सांगतो. पण जूनमध्ये लावायची तर रान मे महिन्यात तापलेलं हवं. तुकडा कोणाचा हेच माहीत नसेल, तर त्यात शेणखत कोण टाकणार? आपल्याकडे सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. बटाईचंही त्याच दिवशी ठरवून टाका. मालक बाहेरगावी असले तरी सणाला गावी येण्याचा आग्रह धरा.

तुकडा बियाण्याच्या पाकिटांवरून धरू नका. लागवडीचं अंतर बदललं की तेवढ्याच पाकिटांत कमी-जास्त रान लागतं. टेप लावा. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एकर. कोपऱ्यांवर दगड रोवा. चोपण (खारवट, पाणी न मुरणारा) किंवा विहिरीपासून लांबचा तुकडा दरवर्षी एकाच्याच माथी नको, तो पाळीने फिरवा. पाण्याची पाळीही तेव्हाच लिहा.

सगळ्यात जास्त भांडणं मी वेचणीच्या मजुरीवरून पाहिली आहेत. बियाणं, खत, फवारणी यांचं बोलणं आधी झालेलं असतं. वेचणी मात्र किलोवर द्यावी लागते आणि गावागणिक रीत वेगळी. ती कोणी सोसायची, हे आधीच लिहा. प्रत्येक विक्रीची काटापट्टी (वजनाची पावती) चौघांच्या मोबाइलवर त्याच दिवशी यावी. उचल (मालकाकडून आधी घेतलेले पैसे) वेगळ्या पानावर मांडा, खर्चात मिसळू नका. हिशोब प्रत्येक वेचणीनंतर करा. वर्षभराचा ढीग झाला की कोणालाच आठवत नाही.

जानेवारीची बाकी व्यापाऱ्याच्या पट्ट्या समोर ठेवून दोन जाणत्यांसमक्ष काढा. रक्कम आणि द्यायची तारीख लिहून सह्या घ्या. ‘पुढच्या पिकात वळती करू’ हे नुसतं तोंडी मान्य करू नका.

कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्याने हक्क लागेल, या भीतीने मालक लिहून द्यायला कचरतात. पण कागद नसला म्हणून कूळ कायद्यापासून सुटका होते, असं नाही. मालक आणि तुम्ही मिळून वकिलाचा सल्ला घ्या. पीकविमा बटाईदाराच्या नावे काढायचा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. साध्या वहीवर विमा निघत नाही. आणि अतिवृष्टीची मदत सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याच्या खात्यात जाते, म्हणून तीत तुमचा वाटा किती, हेही त्याच कागदावर घ्या.