अकरा ठिकाणचा 'अधीर'

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा अनुवाद वाचला. चाळीस पानांत 'अधीर' अकरा वेळा आलाय. मूळ इंग्रजीत एकच शब्द अकरा वेळा असणार, हे मी न बघताही सांगतो.

तिसऱ्या पानावरचं वाक्य मोठ्याने वाच: 'रांगेतला म्हातारा अधीर होऊन कारकुनावर खेकसला.' खटकतं ना? अधीर माणूस खेकसत नाही. मराठीतला धीर दुहेरी आहे. 'धीर धर' म्हणतो तेव्हा थांबायला सांगतो, 'धीर दे' म्हणतो तेव्हा हिंमत द्यायला. म्हणून ज्याला धीर नाही त्याच्या मनात नुसती घाई नसते, धाकधूकही असते. लेक परगावाहून येणार म्हणून चारदा दाराशी जाऊन येणारी आई अधीर. रांगेतल्या म्हाताऱ्याला नुसता वैताग आलाय. त्याचा संयम सुटला म्हण, किंवा घरात बोलतो तसं, त्याला दम निघेना.

सातव्या पानावरचा पोरगा कढईतून काढलेलं भजं तसंच तोंडात टाकतो आणि जीभ भाजून घेतो. तो उतावळा. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण जरा डोळ्यांसमोर आण. बाशिंग बांधायचं कपाळाला. नवऱ्याच्या मनात काय हुरहूर आहे याच्याशी म्हणीला देणंघेणं नाही. डोक्याच्या आधी हात धावले, एवढंच तिला दिसतं. आणि ती हसते. 'उतावळा' म्हटलं की दोष त्या माणसाच्या पदरात पडतो.

हे मला कोशातून कळलं नाही. वर्तमानपत्रात नवा होतो. जून संपत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. मी दोन कॉलमी मथळा दिला: 'पेरणीसाठी शेतकरी उतावळे'. रात्रपाळीच्या मुद्रितशोधकांनी चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, "पाऊस लांबला तो काय त्यांच्यामुळे?" शहर आवृत्तीत त्यांनी तो बदलून 'शेतकऱ्यांचे डोळे आभाळाकडे' केला. ग्रामीण आवृत्ती मात्र छापून गेली होती. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचा फोन आला. "दोन दिवस आमच्या रानात येऊन राहा, मग ठरवा कोण उतावळं," एवढंच बोलून त्याने ठेवला. पहिल्याच सरीवर बियाणं टाकून कुणी दुबार पेरणी ओढवून घेतली असती, तर माझा शब्द चालला असता. इथे माणसं नांगरट करून हात बांधून बसली होती.

त्या मुद्रितशोधकांनी मथळ्यात विशेषणच ठेवलं नाही, हेही बघ. तुझ्या अकरांपैकी निदान चार जागी तेच करता येईल. विसाव्या पानावरची मुलगी बसस्टॉपवर 'अधीरपणे' उभी आहे. त्यापेक्षा तिला एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू दे, रस्त्याकडे मान वळवू दे.

दोन खाचखळगे सांगून ठेवतो. तू 'हातघाईने जेवला' लिहिलंयस. हातघाई म्हणजे हाताहाताची मारामारी. भांडण हातघाईवर येतं, जेवण नाही. तिथे 'घाईघाईने' पुरे. दुसरं म्हणजे 'अधैर्य'. मराठीत धैर्य म्हणजे हिंमत, त्यामुळे वाचणाऱ्याला तो माणूस भित्रा वाटेल. बाकी बारीकसारीक: 'अधीर'मधली वेलांटी दुसरी, आणि 'उतावळा'चं 'उतावळी, उतावळे' होतं तसं 'उतावीळ'चं होत नाही.

एकतिसाव्या पानावर म्हातारी मुलाच्या फोनची वाट बघत रिसीव्हर उचलून उचलून बघते, बंद तर पडला नाही ना म्हणून. तिथला 'अधीर' ठेव, तो तिचाच आहे. उरलेले दहा पुन्हा बघ. मागचा मजकूर तू रात्री पावणेदोनला पाठवला होतास आणि त्यात दोन पानं राहिली होती, म्हणून यावेळी रविवारच्या आत पाठवलंस तर मी उघडणार नाही.

तुझा,
काका